रस्त्याकडच्या दोन खिडक्या

आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खिडक्या मी स्वतःच्या हातांनी बदलल्या, असं मी आजही चारचौघांत सांगतो. फक्त सांगण्याआधी शालन, म्हणजे माझी बायको, आसपास नाही ना, एवढं बघून घेतो.

आमचं घर गोव्यातल्या सुर्ल्याला, अगदी रस्त्याला लागून. खाणी जोरात होत्या तेव्हाची ही गोष्ट. सकाळपासून खनिजाने भरलेले ट्रक एकामागून एक घरासमोरून जात, आणि रिकामे होऊन पुन्हा येत. मी ट्रक वाहतुकीच्या कचेरीत कारकून होतो. म्हणजे जी लाल धूळ माझ्या घरात शिरायची, ती व्यवस्थित आणि वेळेवर शिरावी याचाच मला पगार मिळत असे.

घर वडिलांनी बांधलेलं. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, चिरेही चिखलात बसवलेले. दर्शनी भिंतीत दोन खिडक्या, फळ्यांच्या आणि लाकडी गजांच्या. वाळवीने त्या इतक्या खाल्ल्या होत्या की, त्यांना उभं राहण्यासाठी रंगाचाच काय तो आधार उरला होता. दोन दारं लावली की मधे एवढी फट राहायची की मांजर अडलं असतं, पण पिल्लू सहज आत आलं असतं. धुळीला तर काय, सताड दार. भात लाल, दूध लाल, देव लाल. शालनने माहेरून आणलेली पांढरी चादर महिनाभरात भगवी झाली, आणि सुनेला एवढ्यातच वैराग्य आलं की काय म्हणून आई दोन दिवस तिच्याशी फार जपून बोलली.

तोवर ठीक होतं. मग शालनला खोकला लागला.

शालनचं माहेर सिंधुदुर्गातलं, दोडामार्गाकडचं. तिचे वडील, तात्या, पोफळीचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, राखून असलेले उंचपुरे गृहस्थ. मिशा भरघोस, बोलणं मात्र काटकसरीचं. त्यांचा एकच शब्द होता, ‘बगूया’. आमचं लग्न ठरवायला आले तेव्हा त्यांनी आमच्या खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, त्या बोटाकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बगूया.” लग्न झालं. पण ते बघणं अजून संपलेलं नाही, असं मला कायम वाटायचं.

आमच्या समोर पांडू ड्रायव्हर राहायचा. हा तात्यांच्याच गावचा, खाणीवर ट्रक चालवायला आलेला. एका संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला.

“बाब, तात्यांचो निरोप आसा. आयतवारी येतत.”

“येऊ देत की.”

“शालूक घेवन जातले. घर धड झाला काय मगे धाडतले म्हणालेत.”

घर धड झाल्यावर! आमचं घर धड होण्याचा वेग बघता शालन म्हातारपणीच परत आली असती. आत चुलीपाशी ती खोकत होती, आणि खोकता खोकता कान आमच्याकडे लावून होती. मी आत गेलो तर म्हणाली, “माका जावचा नाय.” एवढंच. लग्नाला जेमतेम सहा महिने झालेल्या माणसाला याहून मोठी गोष्ट कोणी सांगत नाही. मी तिथल्या तिथे ठरवलं, रविवारच्या आत खिडक्या बदलायच्या.

तसं काम चालू होतं. डिचोलीच्या एका मेस्ताला, म्हणजे सुताराला, मी दोन काचेच्या खिडक्या सांगून ठेवल्या होत्या. मापंही मीच घेतली होती. (इथे वाचकांनी जरा थांबावं.) मेस्त खिडक्या तयार आहेत म्हणत होता, पण बसवायला कधी येणार असं विचारलं की “फाल्यां” म्हणायचा. गोव्यात फाल्यां म्हणजे उद्या, पण कुठल्या दिवसाचा उद्या हे मेस्त ठरवतो. तेव्हा मी म्हटलं, नकोच तो. खिडक्या तेवढ्या उचलून आणू, बसवतो मी. एक खिडकी काढायची, तिथे दुसरी ठेवायची. यात मेस्त काय एवढं वेगळं करतो?

शुक्रवारी पांडूच्या ट्रकातून खिडक्या आल्या. फणसाच्या लाकडाच्या चौकटी, स्वच्छ काचा, पितळेच्या कड्या. आम्ही त्या उतरवून अंगणातल्या आंब्याला टेकवून ठेवल्या. आई पदर खोचून बघायला आली. तिने चौकटीवरून हात फिरवला, मान तिरकी केली, मग आणखी तिरकी केली.

“जनेलां बरीं आसात रे,” ती म्हणाली; खिडक्यांना ती जनेलां म्हणे. “पूण तीं निजल्यांत कशीं?”

मी बघितलं. आमच्या खिडक्या उभ्या होत्या. या आडव्या होत्या. मेस्ताने लांबी विचारली होती तेव्हा मी रुंदी सांगितली होती, आणि रुंदी विचारली तेव्हा जे उरलं होतं ते सांगितलं होतं. मी म्हटलं, “त्यात काय, उभी करून बघू.” पांडूने आणि मी एक खिडकी उभी केली. वरचं दार धाडकन खाली आलं, खालचं दार जमिनीवर लोळलं.

“बाब,” पांडू म्हणाला, “ही खिडकी नाय. हो ट्रकाचो मागचो फाळको.”

शालन पायरीवर उभी होती. तिने खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती हसत सुटली. कित्येक दिवसांनी अशी हसली. हसण्यातून खोकला आला, खोकल्यातून पुन्हा हसणं. मला राग यायला हवा होता, पण ती हसताना इतकी सुंदर दिसत होती की मी फाळका धरून तसाच उभा राहिलो.

रात्रभर (म्हणजे झोप लागेपर्यंत) मी विचार केला. मेस्ताकडे परत जायला वेळ नव्हता. मग एकच मार्ग उरला होता. खिडक्या बदलता येत नसतील तर भिंत बदलायची. प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी थोडं थोडं रुंद करायचं आणि वरचा भाग चिऱ्यांनी भरून काढायचा. बस्स. दोन खिडक्यांच्या मधे भिंतीचा जो पट्टा होता तो आधीच अरुंद होता, आणि मी त्याच्या दोन्ही बाजू खाणार होतो, ही गोष्ट माझ्या हिशेबात कुठेच आली नाही. कारकुनाचं असंच असतं. समोरचा कागद नीट बघतो, शेजारचा नाही.

शनिवारी रजा काढून मी पहार घेतली आणि बाहेरून भिंतीपाशी उभा राहिलो.

“अहो, आधी वरच्या लाकडाक टेकू देवया,” शालन म्हणाली.

“काही नको. बाबांनी बांधलेली भिंत आहे. हलायची नाही.”

शालन घरात निघून गेली. तात्यांची मुलगी होती ती; तिनेही बघूया असंच म्हटलं असावं, पण मनात. थोड्या वेळाने ती आईला घेऊन मागच्या विहिरीकडे गेली. मला वाटलं, बायकांना कामाचा आवाज सोसत नाही.

इकडे पहिली चौकट निघेना. वाळवीने खाल्लेली, रंगावर तरलेली ती चौकट मी पहार घातल्यावर एकदम बाबांच्या बाजूने उभी राहिली. मी उपटलं, ढकललं, लाथ मारली. पाय दुखला. शेवटी समोर पांडू ट्रकात बसून विडी ओढत होता, त्याला हाक मारली.

“दोर आहे?”

“आसा.”

“चौकटीला बांध आणि ट्रकाने जरा ओढ. हळू.”

पांडूने चौकट पाहिली, भिंत पाहिली. “बाब, हळू म्हणजे किती हळू?”

“अगदी हळू.”

आता मुद्दा असा, की दहा टन माती वाहणाऱ्या ट्रकाची हळूची कल्पना आणि आपली कल्पना यांत फरक असतो. पांडूने अगदी मन लावून हळू ओढलं. दोर ताणला. चौकट करकरली. मग तिने सोबत म्हणून शेजारचा पट्टा घेतला, पट्ट्याने पलीकडची खिडकी घेतली, आणि सगळी मंडळी मिळून रस्त्यावर आली. आवाज मोठा नव्हता. कोणी बसल्या बसल्या दीर्घ श्वास सोडावा तसा. मग धूळ उठली, आणि तिच्यापुढे ट्रकांची धूळ म्हणजे अत्तर वाटावं अशी ती होती.

दोन खिडक्या काढल्या, भोक एकच झालं. आणि त्या भोकातून बैलगाडी गेली असती.

मी छप्पर खाली येण्याची वाट बघत डोळे मिटून उभा राहिलो. छप्पर आलं नाही. डोळे उघडले तर आतून वरच्या वाशाखाली पोफळीचे दोन जाड सोट ताठ उभे होते, आणि मधोमध उभ्या केलेल्या उंच ओंडक्यावर पांडूच्या ट्रकाचा जॅक छातीने तुळई पेलून धरून होता. शालन विहिरीकडून पदराने तोंड झाकत आली.

“हे कोणी लावलं?”

“मी. पांडूक घेवन.”

“मी नको म्हटलं होतं ना?”

“तुमी भायर नको म्हणालात,” ती शांतपणे म्हणाली. “म्हणान आतसून लावलंय.”

आई, मी, घर, आमचा संसार, सगळं त्या दोन सोटांवर आणि एका जॅकवर उभं होतं, आणि तो विचार तिने न बोलता केला होता. त्या क्षणी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण मी घरचा कर्ता होतो, म्हणून फक्त “बरं केलंस” असं म्हणालो.

धूळ खाली बसली तसं आमचं घर रस्त्याला दिसू लागलं. सगळंच. पलंग, आईचे वाळत घातलेले पापड, खुंटीला माझा फाटका बनियन, देवाचं कॅलेंडर. ट्रक हळू व्हायला लागले. एका ड्रायव्हरने माझ्या बनियनला उद्देशून हॉर्न दिला. दुसऱ्याने ट्रक चक्क थांबवला, बाहेर डोकावला आणि भोकातून शालनला विचारलं, “वयनी, हंय च्या मेळात?”

शालनने त्याच्याकडे पाहिलं. नाही म्हणाली. पण तो निघून गेल्यावरही ती ट्रकाच्या मागे बराच वेळ बघत राहिली.

मी एकेक चिरा उचलून आत आणायला लागलो. तात्या यायला अजून अख्खा दिवस होता. कुठूनतरी गवंडी आणता येईल, ताडपत्री बांधता येईल, अगदीच झालं तर खिडक्या त्या भोकात नुसत्या टेकवून ठेवता येतील. मोठा चिरा लहान मुलासारखा छातीशी धरून मी वळलो, आणि रस्त्यावर तात्या उभे होते.

एका खांद्यावर फणस, दुसऱ्या हातात सुपारीची पिशवी. शनिवारीच. घर बघायचं तर घरच्यांना तयारीला वेळ द्यायचा नाही, हा त्यांचा नियम असावा. त्यांनी भोक बघितलं. आंब्याला टेकलेल्या आडव्या खिडक्या बघितल्या. जॅक बघितला. पांडू ट्रकाला बांधलेला दोर हातात घेऊन उभा होता, तोही बघितला. शेवटी मला.

“ह्या काय?” तात्या म्हणाले.

मी तोंड उघडलं. आतून फक्त लाल धूळ बाहेर आली.

शालन कधी पुढे आली कळलं नाही. पदराने हात पुसत, माहेरी पाहुण्यांना बोलवावं तशी ती म्हणाली, “येवा तात्यानू. बरा झाला आज इल्यात. आमी दुकान घालतव.”

मी चिरा जास्त घट्ट धरला. आम्ही दुकान घालतोय, ही बातमी मला तात्यांच्या बरोबरच मिळत होती.

“दुकान?”

“होय. ट्रकवाले दिसभर हयसून जातत, त्यांका तोंडात घालूक काय गावना नाय. च्या, पाव, भजी ठेवतलव. म्हणान भिंत काढली.”

तात्यांनी आईकडे बघितलं. माझी आई आयुष्यात खोटं बोलली नव्हती. तिने पापणी न हलवता सांगितलं, “कालच देवाक नाल्ल दवरलो दुकानाचो.” म्हणजे दुकानाचा नारळही देवापुढे ठेवून झाला होता.

तात्या पांडूकडे वळले. “दोरी कित्याक रे?”

“मापाक, तात्या,” पांडू म्हणाला.

ते भोकातूनच आत आले. दार शेजारी होतं, पण त्या वेळी कोणाला ते आठवलं नाही. आत उभं राहून त्यांनी चौकशी सुरू केली, आणि त्यांना एवढे शब्द सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“आणि धूळ? पोरग्येक खोकलो आसा.”

“मधी नवी भिंत येतली,” शालन म्हणाली. बोलता बोलता तिने पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ ओढली. “हयसून हय. धूळ दुकानात रवतली, घरात येवची नाय. रस्त्याच्या अंगाक घराक खिडकीच नको. उजेड मागसून घेवया.”

मी त्या रेघेकडे बघत राहिलो. मी इतके दिवस धुळीसाठी चांगली खिडकी शोधत होतो. धुळीच्या बाजूला खिडकीच ठेवायची नाही, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

“बरा,” तात्या म्हणाले. त्यांनी अंगणाकडे हनुवटी केली. “आणि त्यो खिडक्यो?”

आता संपलं, असं मला वाटलं.

“त्यो खिडक्यो नाय,” शालन म्हणाली. “ती कपाटाची दारां. भज्या-पावावर धूळ बसाक नको म्हणान काचेची. बगा, ह्यांनी मुद्दाम आडवी करून घेतली.”

तात्या सावकाश माझ्याकडे वळले. लग्न ठरवल्यापासून त्या दिवसापर्यंत त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, ती नजर नव्हती ही. त्यात चक्क आदर होता. चिरा छातीशी धरून मी शक्य तेवढा दूरदृष्टीचा चेहरा केला.

“बगूया,” तात्या म्हणाले. फणस खाली ठेवला, सदरा काढून खुंटीला माझ्या बनियनशेजारी अडकवला, आणि ते चिरे रचायला लागले.

ते रविवारी परत जाणार होते, ते दुकान उभं राहीपर्यंत राहिले. शालनच्या रेघेवर भिंत चढली. पांडूने खाणीवरच्या दोघा ओळखीच्यांना रजेच्या दिवशी आणलं. (तोवर आमच्या छपराखाली अडकलेल्या जॅकसाठी तो ट्रक जपून जपून चालवत होता, त्या दिवसांत पंक्चर झालं असतं तर आमचं घर की त्याचा ट्रक, एकच काहीतरी उभं राहिलं असतं.) मेस्ताचा उद्याही एकदाचा उगवला. तो आला, आडव्या खिडक्यांमागे फळ्या मारून त्यांचं कपाट करून दिलं, आणि माप अचूक होतं म्हणून त्याने माझं अभिनंदन केलं.

मला यात काय काम होतं? मी पाणी आणून देत असे. पहार शालनने कुठेतरी ठेवली होती, आणि कुठे ते मी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी तात्या अंगणात चपला घालत होते. शालन आत भजी तळत होती. खोकला उतरला होता. मी धीर करून विचारलं, “तात्या, तिला न्यायचं म्हणत होतात...”

“आता कशी येतली? दुकान कोण बगतला?” तात्या म्हणाले. मग त्यांनी पिशवी उचलली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज अगदी खाली आणला. “जावयबापू. दुकान शालूच्या डोक्यातला. भिंत तेवडी तुमची.”

आणि ते बसच्या दिशेने निघून गेले. त्यांच्या पाठीवरूनही त्यांच्या मिशा हसताना दिसत होत्या.

शालनच्या हातच्या कांदाभज्यांसाठी ट्रकांची रांग आमच्या दारातून वळणापर्यंत जायची. कोणाला तिखट चालतं, कोणाच्या आईचं आजारपण चालू आहे, कोण गावाला निघाला की त्याच्याकडे कोणाची पिशवी द्यायची, सगळं तिला पाठ. घरच्या भांडणातून उठून आलेला ड्रायव्हर तिच्यासमोर चहा पिऊन गेला की गाडी सरळ चालवायचा, असं पांडू सांगायचा. मग एक दिवस खाणी बंद पडल्या. ट्रक झाडाझुडपांत उभे राहून गंजायला लागले, आमची कचेरी मिटली, आणि मी डबा घेऊन जायला कुठेच नाही असा घरी बसलो. शालनने माझ्या हातात किटली दिली. तोपर्यंत गावातले, शाळेतले, बसची वाट बघणारे, सगळेच तिच्याकडे यायला लागले होते. मुलांची शिक्षणं त्या भोकातून झाली, मुलीचं लग्न त्या भोकातून झालं. मी ते भोक पाडलं होतं, हे खरं. पण आपण एखाद्या भोकाकडे बघत हताश उभे असताना कुणीतरी तिथे दुकान बघावं, आणि तेही बापाच्या समोर, एका श्वासात, नवऱ्याची लाज राखून, हे मला जमलं नसतं. मला अजूनही जमत नाही.

गेल्या वर्षी मुलाने घर नवीन करायला काढलं. मागच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या अॅल्युमिनियमच्या, सरकत्या. मी म्हटलं, मी देखरेख करतो. मुलाने शालनकडे बघितलं, शालनने ठेकेदाराकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझं इब्रामपूरच्या बहिणीकडे चार दिवस राहायला जाणं ठरलेलं होतं. बहिणीला माझी फार आठवण येते म्हणे.

मी दुपारी पोचलो. बहीण दारातच उभी होती. भाऊ इतक्या महिन्यांनी आलाय, म्हणून पाण्याचा तांब्या तिने हातात घेतलेलाच होता. पण तो पुढे करण्याआधी ती म्हणाली, “दादा, आमचीं जनेलां बरीं आसात हां.”